चित्रकार आणि डान्स कंपनी

प्रश्न: एखादा चित्रकार डान्स कंपनीला आधार देतो म्हणजे नक्की काय करतो, नुसते पैसेच देतो का?

उत्तर: अहो नाही, पैसे तर खुद्द चित्रकारांकडेच नसायचे! नर्तक-नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमची अमेरिकन डान्स कंपनी १९५३ साली सुरू झाली, आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९५४ पासून दहाएक वर्षं तिचे सेट, कॉस्च्युम, नंतर लाइटिंगसुद्धा बघायचा, वर फोक्सवॅगन बसमधून सगळ्यांसोबत दौरेही करायचा, म्हणजे हा आश्रयदाता कमी आणि घरचा माणूस जास्त. १९६४ च्या वर्ल्ड टूरला तर कंपनी भारतातही येऊन गेली, आणि त्याच टूरमध्ये राउशेनबर्गला व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं मोठं बक्षीस मिळालं, मग त्याचं आणि कनिंगहॅमचं थोडं बिनसलंच, तो बाहेर पडला.

पण मला खरी भारी वाटते ती १९६३ ची आयडिया. चित्रकार जॅस्पर जॉन्स आणि संगीतकार जॉन केज यांनी फाउंडेशन काढलं, चित्रकार मित्रांनी आपापली कामं दिली, ती विकून कनिंगहॅमच्या ब्रॉडवे सीझनसाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहातल्या प्रयोगांसाठी, पैसे उभे करायचे. म्हणजे श्रीमंतांच्या दारात जायचंच नाही, कलाकारांनीच कलाकारांना सांभाळायचं. ते फाउंडेशन आजही चालू आहे, कलाकारांना ग्रँट देतं.