गिअरबॉक्स उतरवायच्या आधी टॅपेट कव्हरकडे बघा

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे 2005 ची पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, वडिलांनी नवी घेतलेली म्हणून विकायची नाहीये. बरेच महिने झाले इंजिन ऑइल गळतंय. आधी चेंबरचं (इंजिनच्या खालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग बदललं, मग फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर पण झाला, तरी पार्किंगमध्ये डाग पडतोच आणि सोसायटीचे सेक्रेटरी दिसले की मी मान खाली घालून जातो. पुण्याहून येताना खंबाटकी चढली की जळका वास पण येतो. आता गॅरेजवाला म्हणतो मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारं रबर, गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच पण सोबतच करून घ्या. खर्च ऐकून पोटात गोळा आला. करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात नको. सील गेलं नसेलच असं मी म्हणत नाही, एवढ्या वयाच्या गाडीत जाऊ शकतं, पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर जे बेल हाउसिंग असतं, त्याच्याखालून ऑइल टपकताना दिसलं म्हणजे सीलच गेलं हे निदान अर्धवट आहे. गाडी पळताना समोरची हवा ऑइलला मागे ढकलते आणि खाली तर ते आपोआप येतंच, त्यामुळे गळती वर कुठेतरी आणि थेंब भलतीकडे. चेंबर नेहमी ओला दिसतो कारण तो बिचारा सगळ्यात खाली असतो, तुमचं त्याचं पॅकिंग बहुतेक फुकटच बदललं गेलंय.

मला तुमच्या पत्रातला जळका वास महत्त्वाचा वाटतो. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडलं की असा वास येतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या धुराच्या पाइपच्या) वरच्या अंगाला असतं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. त्याचं रबर पॅकिंग वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लॅस्टिकसारखं टणक होतं, काढल्यावर नखाने दाबून बघा, नख रुतत नसेल तर ते गेलंच समजा. आणि हा वास नुसता सहन करत राहू नका, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल साचलं तर आग लागायची भीती असते.

पण सुरुवात पॅकिंग आणण्यापासून नाही, धुण्यापासून करायची. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल, अल्टरनेटर वगैरेवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, डिग्रीझर आणि ब्रशने सगळा चिखल काढा, प्रेशर पंप जवळून मारू नका नाहीतर ऑइल राहील बाजूला आणि गाडी चालूच होणार नाही. सुकल्यावर थोडं फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा कुठली ती शोधायची, बाकीचं सगळं तिथूनच वाहून आलेलं असतं. गाडी उभी करताना खाली पुठ्ठा टाका, पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवा, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या बाजूचा ते कळतं.

आता घाटाचा मुद्दा. चढावर इंजिनवर लोड येतो, पिस्टन रिंगच्या बाजूने गॅस जास्त खाली उतरतो, ज्याला आपले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो गॅस बाहेर काढायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो, तो किंवा त्याचा पाइप काजळीने चोंदला की आतलं प्रेशर जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं, मग तुम्ही कितीही पॅकिंग बदला, नवीन पण गळणार. व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, बहुतेक व्हॉल्व्ह चांगले असतील तर आत खुळखुळ आवाज येतो. दुसरी टेस्ट, इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ पिशवी धरा, पट्ट्यांपासून हात लांब ठेवून. पिशवी किंचित आत ओढली गेली तर ठीक, फुगायला लागली तर आधी पीसीव्ही बघा. तो साफ असूनही फुगत असेल तर रिंगा झिजल्यात, मग तो वेगळा विषय आणि वेगळा खर्च.

ऑइल प्रेशर स्विच, म्हणजे डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लावणारा, तो पण सोडू नका. छोटीशी गोष्ट आहे पण तिथे ऑइल प्रेशरने येतं, त्यामुळे इंजिन बंद असताना कोरडा आणि चालू असताना गळतोय असं होतं. त्याचा कनेक्टर ओढून काढा, आत ऑइल दिसलं तर स्विच गेला. डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची ओ-रिंग, आणि टायमिंग बेल्टच्या बाजूला ओलं असेल तर कॅम आणि पुढचं क्रँक सील, ते करायचं तर बेल्टसोबतच करा, ऑइल पिलेला बेल्ट परत बसवू नका.

तरीही जागा सापडली नाही तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा, गळतीचा माग पिवळा-हिरवा चमकतो. वरून सगळं कोरडं आणि फक्त बेल हाउसिंगमधूनच चमकतंय असं निघालं तर गॅरेजवाला बरोबर, मग गिअरबॉक्स उतरवा आणि क्लच झिजला असेल तर तेव्हाच करून घ्या, मजुरी वाचते. फक्त उतरवायच्या आधी थेंबाचा वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तसा असेल तर क्रँक सील नाही, गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील आहे.

गळती टॅपेट कव्हरचीच निघाली तर एक सांगून ठेवतो. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढायला लावा, नवीन फक्त कोपऱ्यांना, सगळीकडे थापायचं नाही, सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतो. आणि बोल्ट जोर लावून आवळायचे नाहीत, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि मग पुढच्या वेळी खरंच गळतं.

प्रश्न : 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल टाकलं किंवा लीक बंद करायची बाटली ओतली तर चालेल का? – आणखी एक वाचक, नाशिक

उत्तर : मॅन्युअलमध्ये तो ग्रेड दिला असेल तर टाका, नसेल तर नको, सकाळी थंड इंजिनमध्ये जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो. बाटलीने सुकलेलं सील थोडं फुगतं, पाझर कमी होतो कधीकधी, फाटलेल्या पॅकिंगला काही होत नाही. काम होईपर्यंत डिपस्टिक बघत जा, बऱ्याच छोट्या गाड्यांत मिन ते मॅक्स साधारण एक लिटर असतं. लाल दिव्याची वाट बघू नका, तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे, तो लागेपर्यंत बेअरिंगला ऑइल कमी पडायला लागलेलं असतं.