सगळं येतं, पण ऑब्जेक्टमध्ये घालू काय?

"प्रॉपर्टी विचारा, मेथड विचारा, व्याख्या धडाधड सांगते. रिकामी फाइल उघडली की मात्र काय कशात घालायचं तेच सुचत नाही. हे माझ्या डोक्याचं काम नाही का हो, सर?"

नोकरी सांभाळून जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांचं हे गाऱ्हाणं माझ्या कानांवर सतत पडतं. (ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं यांचं एक घर: माहिती ती प्रॉपर्टी, कामं ती मेथड.) त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट, बऱ्याच भेटींतली थोडक्यात. त्यांनी बचत गटाच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहायला घेतला होता. फंक्शन, म्हणजे नाव दिलेली कामं, चार: हप्ताजमा, कर्जद्या, व्याजलावा, तारीखमांडा. (जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. नवशिक्यांनी ती जरूर वापरावीत, अर्धी धास्ती तिथेच जाते.)

"सभासद हा ऑब्जेक्ट का केलात?"

"नाम शोधा, त्याचा ऑब्जेक्ट करा, असं शिकवलंय."

"मग त्यात मेथड कुठल्या?"

"तिथंच तर अडलंय!"

नाम शोधण्याचा हा सल्ला मला कधीच पुरेसा वाटला नाही. नामं ढीगभर सापडतात. कामं कुणाची, ते त्यातून कळत नाही. म्हणून मी आधी कीबोर्ड बाजूला ठेवायला लावतो. कागदावर डावीकडे फंक्शनची नावं, उजवीकडे ते काय वाचतं आणि काय बदलतं. जे बदलतं त्याखाली रेघ.

ताईंनी लिहिलं. हप्ताजमा: शिल्लक बदलतं. कर्जद्या: शिल्लक वाचतं, कर्ज बदलतं. व्याजलावा: कर्ज आणि व्याजदर वाचतं, कर्ज बदलतं. तारीखमांडा: यातलं काहीच नाही. पेन थांबलं.

"अहो, हे तिघं शिल्लक आणि कर्ज यांच्याच मागे आहेत!"

"मग?"

"मग ही तीन फंक्शन आणि ती दोन, पाचही एका घरात. म्हणजे ऑब्जेक्ट सभासदाचा नाही, खात्याचा. तारीखमांडा बाहेरच राहू दे."

"आणि व्याजदर?"

इथे त्या बराच वेळ गप्प होत्या. मी उत्तर दिलं नाही. "दर सगळ्या गटाला एकच. प्रत्येक खात्यात ठेवला तर बदलताना सगळी खाती शोधत बसावी लागतील. तो गटाचा." हे मी शिकवलेलं नव्हतं. एखादी गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवताना ती कोण बदलतं आणि बदलताना किती ठिकाणी हात घालावा लागतो, एवढंच बघायचं. बाकी व्याख्या मागाहून समजतात, असा माझा अनुभव आहे.

मांडणी जमली की पुढचा ठेचकाळण्याचा दगड ठरलेला: धिस (this), म्हणजे मेथडच्या आत 'ज्याचं काम चाललंय तो ऑब्जेक्ट' असं सांगणारा शब्द. ताईंनी पानावरच्या बटणाच्या ॲडइव्हेंटलिसनरला (क्लिक झाल्यावर काय चालवायचं ते याला सांगतात) थेट 'खाते.व्याजलावा' देऊन टाकलं. क्लिक केलं तर कर्जाच्या जागी नॅन (NaN, 'हा आकडा नाही'), खात्यातलं कर्ज जसंच्या तसं, आणि कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो तिथे) एरर नाही. कारण असं की मेथड नुसती काढून दिली की खात्याशी तिचा संबंध तुटतो. धिस कोण, हे साध्या फंक्शनच्या बाबतीत ते कसं बोलावलं यावर ठरतं, आणि इथे बटणच धिस झालं. बटणाला कर्ज नाही, ते अनडिफाइंड, म्हणजे किंमतच नसलेलं. त्याचा गुणाकार नॅन, आणि तो नॅन बटणावरच साठला. शिवाय मेथडला बाहेरून द्यायच्या दराच्या जागी क्लिकचा इव्हेंट, म्हणजे त्या क्लिकची माहिती, आली, ते वेगळंच.

उपाय सोपा: लिसनरला एक ॲरो फंक्शन (=> या बाणाने लिहिलेलं) द्यायचं आणि त्याच्या आत, कंसासकट, खाते.व्याजलावा(गट.व्याजदर) असं बोलवायचं. पण म्हणून ऑब्जेक्टमधली मेथडच ॲरोने लिहू नका. ॲरोला स्वतःचा धिस नसतो, तो बाहेरचा उचलतो. मॉड्यूलमध्ये (import-export चालणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्यात बाहेरचा धिस अनडिफाइंड असतो, म्हणजे मेथड चालताना सरळ टाइपएरर ही चूक.

क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, कधी वापरायचा? दुसरं खातं उघडताना पहिल्याची मेथडसकट नक्कल करावीशी वाटली की. क्लास 2015 पासून भाषेत आहे. शिल्लक आणि कर्ज कन्स्ट्रक्टरमध्ये (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या भागात) प्रत्येकाचं वेगळं, मेथड प्रोटोटाइपवर, म्हणजे सामाईक जागेवर, सगळ्यांत मिळून एकच.

आणि खाती लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठवणीत) ठेवणार असाल तर हे आधीच माहीत असू द्या: तिथे ठेवायला ऑब्जेक्टचा जेसन (JSON) हा मजकूर करावा लागतो, आणि त्यात प्रॉपर्टी जातात, मेथड गळतात. परत वाचलेल्यावर व्याजलावा बोलावलं की 'हे फंक्शन नाही' अशी एरर येते. वाचलेले आकडे कन्स्ट्रक्टरला देऊन खातं नव्याने उभं करायचं. ताईंनी हे सांगण्याआधीच करून ठेवलं होतं.