वाचक विचारतात: नेरूलच्या पुलावरचा तो सीन

प्रश्न: 'द बॉर्न सुप्रीमसी' सिनेमा परत बघितला. नायक बॉर्नची मैत्रीण मारी गोव्यातच मरते ते काय पटलं नाही, कादंबरीतपण असंच आहे का हो? आणि पाळोळ्याहून निघालेली जीप एवढ्या लवकर नेरूलला कशी पोचते?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: अहो, पाळोळे पडलं काणकोणात, तिथून उत्तर गोव्यातलं नेरूल म्हणजे चांगला दोन तासांचा रस्ता, पण हॉलिवूडला मडगावचं ट्रॅफिक थोडंच लागतं! कादंबरीचं म्हणाल तर लेखक रॉबर्ट लडलमच्या 1986च्या पुस्तकात गोवा नाहीच, तिथे मारीला पळवून नेतात आणि बॉर्नला हाँगकाँगला जायला भाग पाडतात, ती मरत नाही. 2004च्या सिनेमाने फक्त नाव घेतलं, गोष्ट वेगळीच. मला विचाराल तर सिनेमाचा बदल जास्त टोचतो, कारण बॉर्न स्टिअरिंग तिच्या हातात देतो आणि मागचा मारेकरी ड्रायव्हरच्या सीटवर नेम धरतो, म्हणजे गोळी खरं तर बॉर्नसाठीच होती. जीप पाण्यात पडल्यावर तो तिला श्वास द्यायला बघतो, मग हळूच सोडून देतो, एक डायलॉग नाही. आपल्याच लोकांनी फसवलेला माणूस पुढे दीड तास का धावतो ते तिथेच कळतं. शेवटची कारची मारामारी मात्र, कॅमेरा एवढा हलतो की माझं डोकं दुखलं.