साउथ सिडनी हा १९०८ सालचा रग्बी लीग क्लब स्पर्धेतून काढून टाकल्यावरही कसा टिकला? त्याचा इतिहास काय आहे?

साउथ सिडनी रॅबिटोज या क्लबाला १९९९ मध्ये स्पर्धेबाहेर काढले असतानाही तो आज खेळतो कसा, आणि त्याचा एवढा बोलबाला का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे सिडनीत, रेडफर्नच्या जवळ राहत होतो. ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो ते गृहस्थ या क्लबाचे जुने सभासद असल्याने यातील बराचसा इतिहास मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकला आणि पुढे वाचून पडताळून पाहिला.

रग्बीत दोन पंथ आहेत, हे आधी सांगायला हवे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी खेळासाठी काम बुडवणाऱ्या खाण व गिरणी कामगारांना त्या दिवसाची मजुरी भरून देण्याची मागणी केली. ती नाकारली गेल्यावर हडर्सफील्ड येथे बैठक घेऊन ते मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा खेळ घडला. सिडनीतही १९०७ मध्ये हीच तक्रार होती: खेळताना हाड मोडले तर उपचाराचा खर्च आणि बुडालेला रोज खेळाडूच्या माथी. या असंतुष्टांच्या बैठका ऑस्ट्रेलियाचे नामवंत क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रम्पर यांच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात होत आणि नव्या संघटनेचे पहिले खजिनदारही तेच झाले. होय, तेच ट्रम्पर.

या संघटनेच्या पहिल्या मोसमासाठी १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये साउथ सिडनी क्लबाची स्थापना झाली. परिसर रेल्वेच्या कारखान्यांचा आणि दाटीच्या चाळवजा घरांचा होता. ‘रॅबिटोज’ या नावामागे एकाहून अधिक कथा आहेत. सर्वांत प्रचलित कथेनुसार काही खेळाडू शनिवारी सकाळी ‘रॅबिट-ओ’ अशी हाळी देत दारोदार ससे विकत, गिऱ्हाइकासमोरच ते सोलून देत आणि दुपारी त्याच रक्ताळलेल्या जर्सीत मैदानात उतरत. आपल्याकडे ‘भंगारवालेऽऽ’ या हाळीवरून एखाद्या संघाचे नाव पडावे, तसाच हा प्रकार.

पहिलेच विजेतेपद, १९०८ चे, साउथ सिडनीने जिंकले. दुसऱ्याची गोष्ट मात्र आजही वाद घालायला पुरते. १९०९ चा अंतिम सामना दुसऱ्या एका बड्या लढतीआधीचा दुय्यम सामना म्हणून ठेवल्याने बालमेन क्लब चिडला आणि त्याचा संघ मैदानात उतरलाच नाही. साउथ सिडनीचे खेळाडू मात्र उतरले. त्यांनी चेंडूला लाथ मारून खेळ सुरू केला, समोर कोणीच नसल्याने स्वतःच तो उचलून ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि ते विजेते ठरले. बहिष्कार दोघांनी मिळून टाकायचा असे ठरले होते, हा बालमेनवाल्यांचा दावा. आमच्या घरमालकांपाशी हा विषय काढणे धोक्याचे होते.

पुढे १९२५ ते १९३२ या आठ मोसमांत सात विजेतेपदे आणि १९५० ते १९५५ या काळात पाच. १९५५ मध्ये क्लबाचे खेळाडू क्लाइव्ह चर्चिल यांनी मॅन्ली क्लबाविरुद्ध मोडलेल्या हाताने खेळत अगदी अखेरच्या किकवर सामना जिंकून दिला होता. १९७० च्या अंतिम सामन्यात, पुन्हा मॅन्लीविरुद्धच, सुरुवातीच्या काही मिनिटांतच कप्तान जॉन सॅटलर यांचा जबडा मोडला. आपण जखमी आहोत हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून त्यांनी सहकाऱ्याला आधार द्यायला सांगितले आणि उरलेला सगळा सामना ते खेळले, निकाल २३-१२. १९७१ चे विजेतेपद मिळून क्लबाची संख्या वीस झाली. त्यानंतर श्रीमंत क्लबांनी खेळाडू ओढून नेले आणि पडता काळ सुरू झाला.

आता आपला मूळ प्रश्न. प्रक्षेपण हक्कांवरून १९९७ साली दोन समांतर स्पर्धा झाल्या. समेट होताना २००० पासून चौदाच क्लब ठेवायचे ठरले. निकष उत्पन्न, प्रेक्षकसंख्या वगैरे होते. त्यांत साउथ सिडनी बसला नाही. इतर क्लब विलीन होऊन वाचत होते, पण अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स, जे स्वतः पूर्वीचे खेळाडू, विलीनीकरणाला तयार झाले नाहीत. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८०,००० लोकांचा मोर्चा सिडनीच्या रस्त्यांवरून निघाला. घरमालकांनी त्या दिवशीचा लाल-हिरवा स्कार्फ घडी करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला होता, तो धुवायला मात्र त्यांची परवानगी नव्हती. हकालपट्टीविरुद्ध क्लबाने भरलेला खटला तो पहिल्यांदा हरला, जुलै २००१ मध्ये अपिलात जिंकला आणि २००२ मध्ये क्लब परत आला. गंमत अशी की २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल फिरवला. म्हणजे कायद्याने शेवटी साउथ सिडनी हरलाच. पण तोवर संघ दोन मोसम मैदानात होता आणि त्याला दुसऱ्यांदा बाहेर काढण्याच्या फंदात कोणी पडले नाही. माझ्या मते क्लब न्यायालयापेक्षा त्या गर्दीमुळे टिकला.

मैदानावर मात्र दैना होती. २००३, २००४ आणि २००६ मध्ये संघ शेवटून पहिला आला. २००६ मध्येच अभिनेते रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स आ कोर्ट यांनी ३० लाख डॉलरला ७५ टक्के मालकी मागितली. त्यासाठी सभासदांची ७५ टक्के मते लागत होती आणि ७५.८ टक्के पडली. पिगिन्स विरोधात होते. ज्यांनी क्लब वाचवण्यासाठी मोर्चे काढले, त्यांच्यातच त्या दिवशी उभी फूट पडली.

२०१४ मध्ये कँटरबरीला ३०-६ असे हरवून क्लबाने ४३ वर्षांनी एकविसावे विजेतेपद मिळवले. पहिल्याच टक्करीत गालाचे हाड मोडलेला सॅम बर्जेस पूर्ण सामना खेळला आणि सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळाले. घरमालकांनी तो सामना टीव्हीसमोर उभ्यानेच पाहिला. ‘आता तरी विक्रीचा निर्णय पटला का?’ असे मी विचारल्यावर त्यांनी कपाटातून स्कार्फ काढून गळ्यात घातला आणि २००६ मध्ये आपण विरोधात दिलेले मत आजही विरोधातच दिले असते, एवढे सांगून ते रेडफर्नकडे निघून गेले.