वाचकांचे प्रश्न : टाकी, पंप आणि सगळ्यांचा पैसा

प्रश्न : आमच्या सोसायटीची 10,000 लिटरची टाकी दर सहा महिन्यांनी धुतली जाते. तरी पंधरा दिवसांत आतल्या कडांवर हिरवट थर येतो आणि पाण्याला वास मारतो. धुणारा बदलावा का?

आधी झाकण तपासा, माणूस नंतर बदला. हिरवा थर म्हणजे शेवाळ, आणि उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही. अंधार पडल्यावर एक चालू टॉर्च प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोरीने टाकीत सोडा, झाकण लावा आणि बाहेरून टाकीभोवती फिरून बघा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून दिवसा ऊन आत जातं. झाकणाची फट, पाइपाभोवतीचं भोक, पातळ झालेलं प्लास्टिक, यांतलं काहीतरी सापडेलच. ते बुजवल्याशिवाय कितीही धुतलं तरी थर परत येणार. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीही तेव्हाच बसवून घ्या.

वासाचं मूळ बहुधा तळात असतं. घरांना पाणी देणारा पाइप तळापासून थोडा वर बसवलेला असतो. त्यामुळे नळ उघडून टाकी 'रिकामी' केली तरी खालचं गाळाचं पाणी तसंच राहतं. ते वॉशआउटमधून (तळाशी असलेल्या निचऱ्याच्या व्हॉल्व्हमधून) काढा, वॉशआउट नसेल तर मगाने आणि शेवटी स्पंजाने टिपून घ्या. भिंती प्लास्टिकच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, त्याने ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांतच धरतो.

घासणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं सहसा होतच नाही. 20 लिटर पाण्याच्या बादलीला ताजी ब्लीचिंग पावडर (साधारण 30 टक्के क्लोरीनची) 14 ग्रॅम घ्या. ती मगभर पाण्यात कालवून निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं बादलीत ओता. खाली बसलेला चुना टाकीत जाऊ देऊ नका. हे पाणी भिंतींना आणि तळाला लावून 30 मिनिटं ओलं राहू द्या, मग धुऊन ते धुवण काढून टाका. उघडी पडलेली जुनी पावडर वापरू नका. तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, त्यामुळे माप बरोबर असूनही काम होत नाही. टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड तिच्याजवळसुद्धा आणू नका, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टाकी भरल्यावर सगळ्यात लांबच्या घरातला नळ सोडून पाणी तपासा. क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं. लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. तपासणी टाकीजवळ करू नका. तिथे आकडा चांगला येतो आणि शेवटच्या घरापर्यंत पाण्यात काही उरलेलं नसतं.

एक गोष्ट कमिटीने लेखी ठरवून ठेवावी : टाकीत कुणीही एकट्याने उतरायचं नाही. टाकीची सगळी झाकणं उघडी ठेवून हवा खेळती करायची, एक माणूस पूर्ण वेळ वर थांबायचा आणि पेट्रोलवर चालणारा पंप आत न्यायचा नाही. आतला माणूस कोसळला तर त्याच्या मागे उडी मारायची नाही. अशा वेळी वाचवायला उतरलेलाही जातो.

प्रश्न : रात्री कुणी पाणी वापरत नसतानाही प्रेशर पंप दर दोन-तीन मिनिटांनी चालू होतो. मेकॅनिक म्हणतो, पंप बदला.

थांबा, पंपाला हात लावू नका. पंप आपण होऊन चालू होत नाही. लाइनमधला दाब उतरला की स्विच त्याला चालू करतो. तेव्हा दाब कुठून उतरतोय ते शोधायचं. प्रेशर टँकनंतर (पंपाजवळची, आत हवेचा फुगा असलेली, दाब धरून ठेवणारी टाकी) घरांकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, पंप एकदा पूर्ण दाबाला नेऊन बंद करा आणि दाबमापकाच्या काट्यावर अर्धा तास नजर ठेवा. काटा जागचा हलला नाही तर गळती घरांच्या बाजूला आहे, बहुधा एखाद्या फ्लशच्या टाकीत. काटा घसरला तर पंपाजवळच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलट मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) कचरा अडकलाय किंवा त्याचं रबर गेलंय.

दिवसा नळ सोडला की पंप काही सेकंदांत चालू-बंद, चालू-बंद करत असेल तर तो रोग वेगळा, प्रेशर टँकमधली हवा गेलेली असते. पंपाची वीज बंद करा, टँकमधलं सगळं पाणी सोडून द्या आणि टायरच्या गेजने हवा मोजा. स्विच 30 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) चालू होत असेल तर हवा 28 हवी, म्हणजे चालू होण्याच्या दाबापेक्षा 2 कमी. पाणी न सोडता मोजलं तर गेज पाण्याचाच दाब दाखवतं आणि सगळं ठीक वाटतं. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर आतला फुगा फाटलाय.

टँक नवीन घ्यायचाच तर माप बघून घ्या. पंप एकदा चालू झाला की निदान मिनिटभर चालला पाहिजे. मिनिटाला 40 लिटर देणाऱ्या पंपासाठी टँकमध्ये 40 लिटर वापरायला मिळावं लागतं. 30-50च्या स्विचवर (30 पीएसआयला चालू, 50ला बंद) टँकच्या आकारमानाचा जेमतेम 30 टक्के भाग कामी येतो. म्हणजे टँक 135 लिटरच्या आसपासचा हवा. त्याहून लहान घेतला तर वाचवलेले पैसे मोटर जळाल्यावर जातात.

प्रश्न : सिंकिंग फंडाची (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीची) वर्गणी वाढवायची म्हटलं की सभेत भांडण होतं. किती असावी, हे पटवून कसं द्यावं?

'दहा टक्के वाढवू या' म्हणालात तर भांडण होणारच, कारण त्या आकड्यामागे काही दिसत नाही. यादी घेऊन सभेत जा. पंप, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग, अंतर्गत रस्ता. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : आणखी किती वर्षं चालेल, तेव्हा किती खर्च येईल, आत्ता त्यासाठी किती जमा आहे. खर्चातून जमा वजा करून उरलेल्या वर्षांनी भागा, घरांनी भागा, 12ने भागा. आलेली रक्कम ही त्या वस्तूची एका घराची महिन्याची वर्गणी.

आजचा भाव मात्र तसाच धरू नका. भाव वर्षाला 5 टक्के वाढत गेले तर 12 वर्षांनी तेच काम जवळजवळ 1.8 पट महाग पडतं. बहुतेक फंड नेमके इथेच तोकडे पडतात.

वर्गणी कमी ठेवणं सगळ्यांना आवडतं, पण त्यात अन्याय आहे. दहा वर्षं लिफ्ट वापरून घर विकून गेलेला काहीच देत नाही, आणि मागच्याच महिन्यात राहायला आलेल्याच्या अंगावर पूर्ण लिफ्टचा खर्च एकदम येतो. सभेत हे सरळ मांडा. फंडाचं खातं वेगळं ठेवा, आणि विजेचं बिल थकलं म्हणून त्याला हात लावायचा नाही असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

प्रश्न : सभेला तेच सहा-सात जण येतात. ठराव झाला की बाकीचे हरकत घेतात.

नोटिशीत 'रंगकामाबाबत चर्चा' एवढंच लिहून चालत नाही. ठरावाचं पूर्ण वाक्य, रक्कम, प्रत्येक घराचा वाटा आणि तिन्ही कोटेशनं नोटिशीसोबतच द्या. आपल्या घराचा आकडा दिसला की माणूस येतो. न येणाऱ्याची हरकत सभेच्या आधी लेखी मागवा, ती सभेत वाचून दाखवा आणि तिला दिलेलं उत्तर इतिवृत्तात नोंदवा. गणपूर्ती (सभेला किमान किती सभासद हवेत) किती आणि ती न झाल्यास काय करायचं, हे तुमच्या संस्थेच्या नियमावलीत बघा आणि तेही नोटिशीतच छापा.