पैसे भरायचे, मग ती सार्वजनिक लायब्ररी कशी?

प्रिय चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस की आजी म्हणते लायब्ररीत दर महिन्याला पैसे भरायला लागायचे, मग ती पब्लिक लायब्ररी कशी, ते तर दुकानच झालं ना? तेवढ्यात तुझा स्विमिंग क्लास आला आणि मी काहीतरी अर्धवट बोलून तुला उतरवलं. ते मला लागून राहिलं, म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, तुला आता येतं वाचायला. कुठे अडलं तर विचार.

तर हो, भरायला लागायचे. आधी अनामत, म्हणजे डिपॉझिट, सभासदत्व सोडलं की परत मिळायचं, आणि मग दर महिन्याला वर्गणी. आता वर्गणी हा शब्द तू ऐकलायस, आपल्या मंडळाच्या गणपतीला आपण देतो ती. दुकानात पैसे दिले की वस्तू आपली होते आणि दुसऱ्या कुणाचीच राहत नाही. वर्गणीत तसं नसतं, सगळ्यांनी थोडंथोडं घालायचं आणि जे उभं राहील ते सगळ्यांचं. म्हणून ते दुकान नव्हतं. आम्हाला कधी तसं वाटलंच नाही, आजीला विचार, ती अजून 'आमचं वाचनालय' असंच म्हणते.

आमचं म्हणजे चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, एवढं लांब नाव कोण घेणार म्हणून सगळे लोटिस्मा म्हणतात. १८६४ सालचं आहे ते. आपल्याकडे अशी जुनी वाचनालयं खूप आहेत गं, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, आणि गंमत बघ, बोस्टन पब्लिक लायब्ररी पण १८४८ चीच! म्हणजे लोकहितवादी पुण्यात त्या खटपटीत होते तेव्हा इथे बोस्टनलाही कुणीतरी तेच करत होतं. पुढे १९६७ साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्या कायद्याने वाचनालयांना सरकारी अनुदान मिळायला लागलं, पण वर्गणी काही गेली नाही. पेपर वाचायला मात्र कुणालाच पैसे पडायचे नाहीत. सकाळी आजोबा लोक बाकावर बसून पेपरची पानं वाटून घ्यायचे, एकाकडे अग्रलेख, एकाकडे क्रिकेट.

आणि तू इथे करतेस तसं कपाटाशी मांडी ठोकून बसणं नव्हतं. काउंटरच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पुस्तकं. याद्यांच्या जाड वह्या असायच्या, त्यात नावं बघून चिठ्ठीवर चार-पाच नंबर लिहायचे, पेन्सिल दोरीने टेबलाला बांधलेली, आणि काका आत जाऊन त्यातलं जे असेल ते आणायचे. पहिला नंबर मिळाला तर त्या दिवशी मी घरी उड्या मारत जायचे. बहुतेक वेळा चौथा मिळायचा. पण मी जे जे काही चांगलं वाचलं ना, त्यातलं निम्मं त्या चौथ्या नंबरचं आहे, जे मी आपलं चिठ्ठी भरायची म्हणून लिहिलं होतं. तू हवं ते पुस्तक होल्डवर टाकतेस, म्हणजे आपल्या नावाने राखून ठेवायला सांगतेस, आणि मिनिटमनची, म्हणजे इथल्या गावोगावच्या लायब्रऱ्यांच्या जाळ्याची, गाडी ते तीन गावं पलीकडून आणून देते, ते मला फार आवडतं, पण कधीतरी एक पुस्तक काहीही न बघता उचलत जा.

पुस्तकाचं कव्हर तर आम्हाला माहीतच नसायचं. ते फाटायचं, मग बाइंडिंग करून पुठ्ठा यायचा, पाठीवर कापडी पट्टी आणि पांढऱ्या रंगात नंबर, बास. पावसात ओल लागू नये म्हणून एक प्लास्टिकची पिशवी, त्यावर दुसरी, आणि वरून छत्री. आम्ही भिजलो तर आजी काही बोलायची नाही, पुस्तक भिजलं तर बोलायची.

दिवाळीनंतर तर वेगळीच धमाल, दिवाळी अंकांची योजना निघायची, थोडे जास्तीचे पैसे भरले की पुढचे काही महिने अंक घरी न्यायला मिळायचे. एवढे अंक विकत कोण घेणार? मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ साली झाली असं धरतात, आणि तेव्हापासून फराळ संपला तरी अंक संपत नाहीत. आजी, मी, मामा आणि शेजारच्या काकू, एका अंकामागे आम्ही चौघं. परत करायची तारीख जवळ आली की मामा जेवताना पण वाचायचा.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी तुला अजून सांगितली नाहीये. आजी प्रत्येक पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर, पानाच्या आकड्याखाली, पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायची. कारण कव्हर नाही, नावं सारखीसारखी, पुस्तक घरी आणल्यावर कळायचं की हे मागच्या वर्षीच वाचलंय. मग ती काउंटरवरच सत्ताविसावं पान उघडून बघायची, टिंब दिसलं की परत. एकदा मी तिच्याबरोबर होते, तिने पान उघडलं तर टिंब नाही, पण तिथेच शेजारी कुणीतरी एवढासा त्रिकोण काढलेला. म्हणजे अजून कुणीतरी, तेच पान, तीच युक्ती! आजी इतकी हसली. त्यानंतर ते त्रिकोण आम्हाला सारखे दिसायला लागले. कधी त्रिकोण आधीचा, कधी आजीचं टिंब आधीचं. "ही बाई माझ्या आधी पोचली बघ," असं म्हणायची. बाई होती का बुवा कुणाला माहीत, पण आजीच्या मनात ती बाईच. कितीतरी वर्षं त्या दोघी एकमेकींच्या पुढेमागे वाचत होत्या आणि कधी भेटल्या नाहीत. एखादं पुस्तक निवडता येत नसलं की आजी त्रिकोण आहे का बघायची आणि असला तर डोळे मिटून ते पुस्तक घरी आणायची, कारण त्या त्रिकोणवालीची आवड चांगली होती म्हणे. (तू लायब्ररीच्या पुस्तकात काही काढू नकोस हं, पेन्सिलीने पण नाही.)

विकत घेतलेल्या पुस्तकात हे कुठून मिळणार सांग? ते आपल्याच घरात सुरू होतं. आणलेल्या पुस्तकात आपल्या आधीची माणसं असतात.

मग २००५ च्या जुलैमध्ये पूर आला, वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, वाचनालयात शिरलं. भिजलेलं पुस्तक तू बघितलं नाहीयेस, ते फुगतं, पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं की चिखलाबरोबर हातात येतात. लोकांनी पुन्हा पुस्तकं जमवली, आणि २०१३ ला साहित्य संमेलन झालं ते याच वाचनालयाने बोलावलेलं. आणि २२ जुलै २०२१ ला परत तेच पाणी. तू तेव्हा लहान होतीस, मी फोन हातात घेऊन इथे किचनमध्ये बसले होते, आजीचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मी ठीक आहे म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली, "टिंबं गेली गं सगळी." लोटिस्मा पुन्हा उभं राहिलंय. आजीने पण पुन्हा सुरुवात केलीय.

पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू बरोबर पकडलीस आणि ती मी टाळणार नाही. कॉलेजला पुण्यात होते तेव्हा माझ्या रूममेटकडे अनामतीपुरते पैसे नव्हते, म्हणजे असायचे पण ते ती घरी पाठवायची. मग आम्ही माझ्या एकाच कार्डावर वाचायचो, बुधवारपर्यंत मी, शनिवारपर्यंत ती. ती पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, दुसऱ्याच्या नावावरचं आहे म्हणून. परत करताना ते काढून, घडी घालून, पुढच्या पुस्तकाला वापरायची. वर्गणी सगळ्यांची खरी, पण ज्याच्याकडे तेवढीही नाही तो बाहेरच राहतो. मला ते तेव्हा कळलं आणि अजून बोचतं.

म्हणून आपण पहिल्यांदा कॉप्ली स्क्वेअरला, बोस्टन पब्लिक लायब्ररीत गेलो तेव्हा मी दारात थांबले होते, आठवतं? तू हात ओढत होतीस, तुला आतले सिंह बघायचे होते. दारावर दगडात कोरलंय, 'फ्री टू ऑल'. वरती हिरव्या दिव्यांचा तो मोठा हॉल आहे ना, तो ज्या बेट्सच्या नावाचा, तो लहानपणी पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत म्हणून दुकानात बसून वाचायचा. पुढे श्रीमंत झाल्यावर १८५२ साली त्याने पन्नास हजार डॉलर दिले आणि अट घातली की शंभर-दीडशे माणसांना टेबलाशी बसून वाचता आलं पाहिजे आणि सगळ्यांना फुकट. २०२१ पासून तर तिथे उशीर झाला तरी दंड नाही. मला हे जास्त बरोबर वाटतं, चिऊ. चिपळूणवर माझं कितीही प्रेम असलं तरी.

डिसेंबरमध्ये आपण जातोय तेव्हा आजी तुला तिच्या कार्डावर एक पुस्तक काढून देणार आहे, तिने आत्ताच वाचनालयातल्या काकांना सांगून ठेवलंय. सत्ताविसावं पान मात्र तिच्यासमोर उघड. आणि तुझ्या पलंगाखाली इथल्या लायब्ररीची दोन पुस्तकं आहेत, दंड नसला तरी तीन मुलं होल्डवर थांबलीयत, ती शनिवारच्या आत पिशवीत टाक.

तुझी,
आई