पीएसए करून टाकू का?

साठी ओलांडलेले पुरुष समुपदेशनाला येतात तेव्हा विषय बहुधा दुसराच काढतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, निवृत्तीनंतर वेळ जात नाही. मग उठता उठता विचारतात, 'चेकअपच्या पॅकेजात ती पीएसए आहे. करून टाकू का?' पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांमधल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरचा अंदाज घेण्यासाठी केली जाणारी रक्ततपासणी. मुंबईत एका फोनवर लॅबचा माणूस सकाळी रक्त न्यायला घरी येतो, त्यामुळे रक्त देणं सोपं झालंय. आकडा हातात आल्यावर पुढे काय, हे मात्र आधी कोणी बोलत नाही.

मुलुंडचं एक जोडपं (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). ते ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधल्या एकाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला पॅड लावावं लागत होतं. बाईंचा धोशा, 'ह्यांनी टेस्ट केलीच पाहिजे.' ह्यांचं उत्तर ठरलेलं, 'मला काही होतच नाहीये.'

त्यांना विचारलं, 'समजा आकडा ५.६ आला. त्या संध्याकाळी काय कराल?'

'सर्जन गाठीन. काढून टाका म्हणेन. आत कॅन्सर ठेवून झोप कोणाला येते?'

'५.६ म्हणजे कॅन्सर, असं कोणी सांगितलं?'

यावर ते गप्प झाले. बाईही.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नुकताच कॅथेटर (लघवीची नळी) घातला गेला, तरी ते वाढतं. आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल किंवा लांबवर सायकल चालवली असेल, तरी आकडा थोडा वर जाऊ शकतो. दर मिलिलिटरमागे ४ ते १० नॅनोग्रॅमच्या मध्ये आकडा आलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, कॅन्सर सापडतो. उलट बाजूही आहे: ४ च्या खाली आकडा असूनही कॅन्सर असू शकतो. आणि हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे गोळ्या. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड घेणाऱ्यांचा पीएसए सहा महिने ते वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो. त्यांच्या रिपोर्टवरचा २.५ हा खरं तर ५ च्या आसपास धरायचा. केस गळतीसाठीची फिनास्टेराइडची गोळीही यात आली. लॅबच्या फॉर्मवर हे कोणी विचारत नाही, आपणच डॉक्टरांना सांगायचं.

पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर आलेखाचा कागद ठेवला. २५ गुणिले ४० चौकटी, म्हणजे १००० पुरुष, वय ५५ ते ६९, सुमारे तेरा वर्षं नियमित पीएसए करणारे. आकडे युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांवरून काढलेले. साहेबांनी बँकेतल्या सवयीने बेरीज तपासत स्वतःच रंगवलं. २४० जणांचा आकडा कधीतरी वर येतो. १०० जणांत कॅन्सर सापडतो. पैकी ८० जणांवर आज ना उद्या ऑपरेशन किंवा रेडिएशन होतं. त्यातून ५० जणांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, १५ जणांचा लघवीवरचा ताबा जातो. तपासणीमुळे मृत्यू टळतो एखाद-दोघांचा. पाच जण तपासणी करूनही याच आजाराने जातात. (यातल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे आकडे २०२५ मध्ये आले. ते जरा बरे आहेत: तपासणीला बोलावलेल्या दर ४५६ जणांमागे एक मृत्यू टळला.)

बाईंनी मृत्यू टळलेल्या त्या एका चौकटीवर बोट ठेवलं. 'हे तुम्ही असलात तर?'

त्यांचं बोट पन्नासांवर होतं. 'आणि इथे असलो तर?'

कित्येक महिन्यांचं भांडण त्या क्षणी निवळलं. माहितीबद्दल दोघांचं एकमत होतं, भीती मात्र वेगळी होती, आणि तोवर ती कोणीच बोलून दाखवली नव्हती. विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे माणसाचे हट्टी समज तपासून बघणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीने, काम करताना हे वारंवार दिसतं. खात्री हवीशी वाटणं साहजिक आहे, पण खात्रीशिवाय झोपच येणार नाही असं धरून बसलं की माणूस एकतर रक्तच देत नाही, नाहीतर थेट ऑपरेशन टेबलवर जातो. मधल्या पायऱ्या त्याला दिसतच नाहीत.

त्या पायऱ्या त्यांनी वहीत लिहून घेतल्या. आकडा वर आला तर संसर्ग नाही ना ते पाहून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तरीही वर असला तर यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने आधी एमआरआय. त्यात संशयास्पद काही दिसलं तर बायोप्सी. ती गुदाशयातून न करता त्वचेतून करता येईल का, हे विचारायचं, कारण त्यात संसर्गाचा धोका कमी. कॅन्सर निघालाच तर पहिला प्रश्न 'ऑपरेशन कधी?' हा नाही, 'ग्रेड कोणती?', म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे, हा. कमी जोखमीच्या गाठीवर नियमित पीएसए, एमआरआय आणि गरजेपुरती बायोप्सी करत नुसती नजर ठेवता येते. ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात ऑपरेशन, रेडिएशन किंवा देखरेख, कुठल्याही गटात पंधरा वर्षांनंतर सुमारे ९७ टक्के पुरुष या कॅन्सरने दगावले नव्हते.

वही मिटून ते म्हणाले, 'आता करतो. मधे थांबता येतं हे माहीत नव्हतं.' 'नको' म्हणाले असते तरी ते उत्तर तितकंच चाललं असतं.

सगळ्यांचं गणित मात्र एक नसतं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर जोखीम साधारण दुप्पट होते, अशांनी ४०-४५ च्या सुमारासच डॉक्टरांशी बोलावं. कुटुंबात बीआरसीए-२ हा जनुकीय दोष आढळला असेल तरीही तेच. सत्तरीनंतर नेमाने तपासणी करण्यात फायद्यापेक्षा त्रास जास्त, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचं २०१८ पासूनचं मत आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. म्हणजे बोलावणं येणार नाही, विषय आपणच काढायचा. लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडत असेल किंवा कमरेची हाडं सतत दुखत असतील, तर पॅकेजच्या भानगडीत न पडता सरळ यूरॉलॉजिस्टकडे जावं.